हक्काचा मोडता

बाईंच्या खोलीत भर दुपारी रात्र व्हायची. खिडकीला जाड पडदा, दिवे मालवलेले, टेबलावर तीन स्क्रीन, आणि त्यातल्या एकीवर पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाचा एक डोंगर, तिथली दुर्बीण, तिथलं काळंभोर आकाश. बाहेर व्हरांड्यात लोक जेवणानंतरची सुस्ती झटकत चहाच्या यंत्रापाशी गप्पा मारत, लिफ्टचं दार कुरकुरे, खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेताना हॉर्न वाजवी. आत मात्र तारे. स्पीकरमधून त्या डोंगरावरचा वारा ऐकू यायचा. त्या वाऱ्यानं कधीकधी बाईंचा डोळा लागायचा, आणि जाग आली की आपण नक्की कुठल्या बाजूला आहोत, उजेडाच्या की अंधाराच्या, हे कळायला थोडा वेळ जायचा. तो थोडा वेळ त्यांना फार आवडायचा. नवऱ्याला एकदा हे सांगितलं, तर तो म्हणाला, "याला झोप पुरी न होणं म्हणतात." नवरा दंतवैद्य होता. त्याला जिथंतिथं मुळाशी जायची सवय.

बाईंचा विषय ताऱ्यांचं मरण. फार मोठा तारा मरतो तेव्हा त्याचा गाभा आतल्या आत कोसळतो, आणि कधीकधी त्या कोसळण्यातून गॅमा किरणांचे दोन झोत ताऱ्याचं अंग फाडून दोन दिशांना बाहेर पडतात. हा स्फोट काही क्षण टिकतो. मग ताऱ्याचं उरलंसुरलं शरीर उधळतं आणि आठवडेच्या आठवडे तळपत राहतं. तो सुपरनोव्हा. घराचं दार धाडकन उघडावं आणि मागाहून आतला उजेड हळूहळू अंगणात यावा, तसा हा प्रकार. अंगणातला उजेड बाईंनी पुष्कळदा पाहिला होता. दार उघडल्या उघडल्या काय होतं, ते मात्र एकदाही नाही. त्या पहिल्या तासाभरात झोत आणि उधळण एकमेकांशी कसे वागतात, या एका प्रश्नावर त्यांनी केस पांढरे केले होते.

अडचण अशी की दार उघडतं ते कुणाला सांगून नाही. आकाशात फिरणारा उपग्रह ते टिपतो आणि जगभरातल्या अशा वेड्यांच्या फोनला शीळ घालतो. मग जो आधी दुर्बीण वळवील तो जिंकला. बाई जेवणाच्या ताटावरून उठल्या होत्या, लग्नाच्या फोटोतून धावत बाहेर पडल्या होत्या, एकदा तर डोक्याला अर्धी मेंदी लागलेली असताना पार्लरमधून तशाच निघाल्या होत्या. संस्थेत त्यांच्या विभागाला सगळे "बंबखाना" म्हणत. नवऱ्यानं कधी तक्रार केली नाही, कारण अर्धा जबडा बधिर झालेल्या माणसाला सोडून जाता येत नाही हे त्याला धंद्यानं शिकवलं होतं. मुलानं मात्र शाळेत असताना निबंधात लिहिलं होतं की माझी आई फार प्रेमळ आहे आणि ती दारात असते. म्हणजे जायला निघालेली.

आणि इतकं धावूनही बाई कायम दुसऱ्या. कधी इकडे पाऊस तर कधी तिकडे वीज गायब, कधी नेमक्या त्या आठवड्यात दुर्बिणीचा आरसा धुवायला काढलेला. दुसऱ्या कुणाचा तरी निबंध छापून यायचा आणि त्याच्या शेवटी बाईंच्या मापांचा आदरानं उल्लेख असायचा. आदरानं उल्लेख होणं म्हणजे काय, ते ज्याच्यावर ही वेळ आली आहे त्यालाच कळेल. निवृत्ती आता हाकेच्या अंतरावर आली होती. जवळच्या एखाद्या दीर्घिकेतला, पहिला तास नीट दिसेल असा स्फोट क्वचित होतो. तो होऊन गेला आणि पुन्हा आपण दुसऱ्याच राहिलो तर, या विचारानं त्या हल्ली अधूनमधून दचकून जाग्या व्हायच्या.

आता मोडत्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मोठ्या दुर्बिणीवरचा वेळ महिनोन्महिने आधी वाटून दिलेला असतो. पण स्फोट वाट पाहत नाही, म्हणून बाईंच्या गटाला हंगामातून एकदा एक हक्क मिळायचा. दुर्बिणीवर त्या घटकेला कुणीही असो, काहीही बघत असो, बाईंनी एक शब्द कळवला की त्याचं काम तिथल्या तिथं थांबवून दुर्बीण वळवायची. कारण विचारायचं नाही, परवानगी मागायची नाही. नियमांत याला लांबलचक नाव होतं. बाईंच्या खोलीत त्याला "मोडता" म्हणत. शिवाय एक रीत होती, कुठं न लिहिलेली पण सगळ्यांनी पाळलेली. ज्याच्या कामात मोडता घातला जाई, त्यानं तोंड वाकडं करायचं नाही. उलट त्यानंच तिथं थांबून समोरच्याचं काम नीट होतंय ना ते बघायचं. आज त्याचा हक्क, उद्या आपला.

त्या दुपारी दुर्बिणीवर सर होते.

सर म्हणजे बाईंचे गुरू. तरुणपणी सरांनी एका शेजारच्या दीर्घिकेत एक सुपरनोव्हा शोधला होता. बाकीचे सुपरनोव्हा वर्षा-दोन वर्षांत दिसेनासे होतात. हा चिवट निघाला. मंदावत गेला पण विझेना. सर दर वर्षी एकदा त्याची चमक मोजत आले होते आणि आलेखावर एक एक ठिपका चढवत आले होते. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, त्याला "माझी सवत" म्हणायच्या. "यंदा काय म्हणते सवत? वाळली का अजून?" असं भर पंगतीत विचारायच्या. सर तितक्याच गंभीरपणे सांगायचे की वाळली आहे, पण तब्येत बरी आहे.

हे मोजमाप सरांनी पहिल्यापासून एकाच कॅमेऱ्यानं केलं होतं. माप मध्येच बदललं तर ठिपके एकमेकांशी बोलत नाहीत, असं ते म्हणत. आणि तो कॅमेरा उद्या सकाळी दुर्बिणीवरून कायमचा उतरवायचा होता. नवा तयार होता, चांगला होता, जुन्याचे सुटे भाग कुठं मिळत नव्हते. म्हणजे आजचा ठिपका शेवटचा. तोसुद्धा आज मिळेल याची खात्री नव्हती. तारा इतका अंधुक झाला होता की कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवून थेंबथेंब प्रकाश साठवावा लागणार होता, आणि ती दीर्घिका पश्चिमेला कलत चालली होती. झडप मध्ये मिटली तर पुन्हा सुरू करायला वेळ उरणार नव्हता. डॉक्टरांनी डोंगर चढू नका म्हणून बजावलं होतं. सर गेलेच. घुमटाशेजारच्या छोट्या खोलीत एकटे बसले होते. दुर्बीण चालवणारा माणूस खाली, नियंत्रणाच्या खोलीत.

बाई आपल्या पाळीवर होत्या आणि सरांचं काम चालू असलेलं बघत होत्या. स्क्रीनवर एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे भरत चालली होती. पट्टी भरली की झडप मिटणार. स्पीकरमध्ये वारा होता. मधूनच सरांचा खोकला ऐकू येत होता. बाईंना गुंगी आली. अर्धवट झोपेत त्यांना वाटलं की आपण विद्यार्थिनी आहोत, सर फळ्यापाशी उभे आहेत आणि खडूचा आवाज येतोय.

तेवढ्यात फोननं शीळ घातली.

बाईंनी आकडे वाचले. मग चष्मा पुसून पुन्हा वाचले. स्फोट होता, आणि होता तो अगदी घराशेजारी म्हणावं अशा एका दीर्घिकेच्या काठावर. त्या डोंगरावरून पाहिलं तर पूर्वेला, चांगला वर आलेला. दार उघडलं होतं, आणि बाई उंबऱ्याशी उभ्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा पाऊस नव्हता, वीज होती, आरसा जागेवर होता. तिसऱ्या स्क्रीनवर डोंगराच्या माथ्यावरचा गोल कॅमेरा सगळं आकाश एका ताटात वाढल्यासारखं दाखवत होता. ढगाचा मागमूस नव्हता.

दुर्बीण चालवणाऱ्याचा संदेश आला. "बाई, तुम्हीही पाहिलंत ना? वळवू?"

एक शब्द लिहायचा होता. बाईंनी हिरव्या पट्टीकडे पाहिलं. ती निम्म्याच्या किंचित पुढं गेली होती.

नियमाप्रमाणे विचारायची गरज नव्हती. पण बाईंनी सरांना फोन लावला.

"बोल," सर म्हणाले. "झोपली नाहीस अजून? अरे हो, तुझ्याकडे दुपार."

"सर, स्फोट झालाय. जवळचा."

"किती जवळचा?"

बाईंनी सांगितलं.

"मग मला फोन कसला करतेस?" सर म्हणाले. "घाल मोडता."

"पण तुमचं..."

"माझं झालं."

"झालं?"

"आत्ताच झालं. झडप मिटली. मी आवराआवरच करत होतो."

बाई हिरव्या पट्टीकडे बघत राहिल्या. ती निवांतपणे सरकत होती.

इथं सरांबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. नको असलेला पाहुणा आला आणि काकूंनी दारातच "हे घरी नाहीत" म्हटलं, तर आतून "आहे मी" म्हणून ओरडणारा हा माणूस. त्यापायी काकूंनी आयुष्यात किती चहा केला असेल त्याला गणती नाही. आणि तो आता धडधडीत खोटं बोलत होता. सर जुन्या जमान्यातले. दूर बसलेल्या माणसाला आपली पट्टी दिसते, एक एक क्षण दिसतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांच्या हिशेबी हे खोटं अगदी बिनबोभाट पचण्यासारखं होतं.

बाईंना ते पचवणं सोपं होतं. सरांनी स्वतः सांगितलं होतं. उद्या कुणी विचारलं तर बाईंवर कसलाही बोल येणार नव्हता. पहिला तास मिळणार होता. ज्याच्यासाठी त्या जन्मभर ताटावरून उठल्या होत्या, ते समोर वाढून ठेवलेलं होतं, आणि सरच "घे" म्हणत होते. खरं सांगायचं तर बाईंचा हात कळफलकाकडे गेला. एक अक्षर उमटलंसुद्धा. त्यांना मोह झाला, आणि तो काही थोडाथोडका नव्हता.

मग त्यांनी ते अक्षर पुसलं आणि दुर्बीण चालवणाऱ्याला लिहिलं, "थांब. चालू आहे ते पुरं होऊ दे."

"नक्की?" त्यानं विचारलं.

"नक्की."

आता सरांना काहीतरी सांगायला हवं होतं. पट्टी दिसते असं सांगितलं तर सर स्वतः उठून झडप मिटतील, याबद्दल बाईंना शंका नव्हती. खोटं बोलायची सवय त्यांनाही नव्हती. बोलायला लागल्या की कानाच्या पाळ्या लाल होत. जे पहिलं सुचलं ते त्या बोलल्या.

"सर, इतक्यात वळवता येणार नाही. पूर्वेला ढग आलेत."

"ढग?"

"हो. दाट आहेत. जरा थांबावं लागेल."

फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पावलं. दाराची कडी. आणि एकदम वारा मोठा झाला, कानाशी फडफडायला लागला, तेव्हा कुठं बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला की आपण काय करून बसलो.

डोंगरावर उभ्या असलेल्या माणसाला त्यांनी डोंगरावरच्या ढगांची बातमी दिली होती. असली चूक करायला दुरून दुर्बीण वापरणारं माणूसच हवं. इतकी वर्षं त्या डोंगराचं आकाश बाईंसाठी टेबलावरच्या एका गोल चित्रात होतं. पाऊस म्हणजे एक आकडा, वारा म्हणजे दुसरा. ते आकाश कुणाच्या तरी डोक्यावर खरोखरीचं असतं, मान वर केली की दिसतं, हे त्या साफ विसरून गेल्या होत्या.

तिसऱ्या स्क्रीनवर, गोल आकाशाच्या अगदी कडेला, एक लहानसा लाल ठिपका दिसायला लागला. डोंगरावर फिरताना डोळे दिपू नयेत म्हणून लाल दिव्याची विजेरी वापरतात. ठिपका दोन-चार पावलं हलला आणि थांबला. त्याच्या वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मोकळं आकाश पसरलेलं होतं. पूर्वेला तर इतके तारे होते की बोट ठेवायला जागा नव्हती.

बाई वाट पाहत राहिल्या. आता सर रागावतील. सर रागावले की ओरडत नसत, पूर्ण नावानं हाक मारत. बाई त्या हाकेची वाट पाहत होत्या.

"आहेत गं," सर म्हणाले.

बाईंनी फोन कानाशी घट्ट धरला.

"आहेत खरे ढग," सर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. घसा खाकरून ते पुढं म्हणाले, "बरेच आहेत. मघाशी मी आत होतो, म्हणून दिसले नाहीत."

"हो ना," बाई कशाबशा म्हणाल्या.

"एक तर म्हशीएवढा आहे."

"हो?"

"आणि त्याच्या मागे बारके बारके आहेत. रांगेनं येताहेत. घाई नाही त्यांना काही." जन्मात खोटं न बोललेल्या माणसाला कुठं थांबावं ते कळत नाही, तसं सरांचं झालं होतं. "खालून काळे आहेत, वरनं जरा पांढुरके. कापूस पिंजून ठेवल्यासारखे."

"अंधारात दिसतात तुम्हाला?"

"न दिसायला काय झालं? जिथं तारे नाहीत तिथं ढग."

बाईंनी गोल आकाशाकडे पाहिलं. तारे नसलेली एवढीशीसुद्धा जागा तिथं नव्हती. त्यांना हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. पदर नव्हता, म्हणून त्यांनी चष्म्याच्या फडक्यानं डोळे टिपले.

फोनवर एक बारीक टिंग झालं. कुठल्यातरी दुसऱ्या डोंगरावरच्या दुसऱ्या गटानं दुर्बीण वळवली होती. थोड्या वेळानं आणखी एक. त्यांना पहिलं छायाचित्र मिळालं होतं. मग अंतर पक्कं झाल्याचं आलं. मग कुणीतरी, अभिनंदन, पहिल्या तासाचा असा प्रकाश आजवर कुणी पाहिला नव्हता, असं लिहिलं. बाईंनी प्रत्येक संदेश वाचला. त्यांना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. दार उघडलं होतं आणि दुसरं कुणीतरी आत डोकावत होतं, आणि बाई डोंगरावर नसलेल्या ढगांचं वर्णन ऐकत बसल्या होत्या. उठून जावंसं मात्र त्यांना एकदाही वाटलं नाही. इतक्या वर्षांत हे प्रथमच.

"वाजतंय काय तुझ्याकडे?" सरांनी विचारलं.

"काही नाही. संस्थेची पत्रं येताहेत. तुम्ही सांगा ना. म्हैस कुठवर आली?"

"म्हैस बसली," सर म्हणाले. "उठायचं नाव घेत नाही."

खोलीत अंधार होता. बाहेर कुणीतरी हसत हसत जिना उतरत होतं. बाईंनी डोळे मिटले. सरांचा आवाज वाऱ्यातून येत होता, आणि एक एक ढग पूर्वेकडून वर चढत होता, ताऱ्यांवरून अलगद जात होता. बाईंना ते सगळे अगदी स्पष्ट दिसत होते. म्हशीच्या पाठीवर बारकासा एक ढग बसला होता. त्याखाली लाल विजेरी घेतलेला म्हातारा माणूस उभा होता आणि त्याला थंडी वाजत होती.

"सर, आत जा. गारठा असेल."

"जातो. पण ढगांवर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं ना. ज्याच्या कामात मोडता, त्यानंच दुसऱ्याचं काम बघायचं, रीत आहे."

डोळे उघडले तेव्हा हिरवी पट्टी काठाला लागली होती. झडप मिटली. थोड्या वेळानं छायाचित्र स्क्रीनवर उतरायला लागलं. आधी वरची कडा, मग दीर्घिकेचा धुकट पसारा. बाई पुढं वाकल्या. ती जागा त्यांना डोळे झाकून सापडली असती.

सरांच्या समोर स्क्रीन नव्हती. ते अजून बाहेरच होते. "काय गं," ते म्हणाले, आणि जरा थांबून त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, "आहे का?"

ज्याचं काम मघाशीच आवरलं होतं, त्या माणसाचा हा प्रश्न होता. बाईंनी तो जसा आला तसा घेतला.

"आहे, सर," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षीपेक्षा बारीक आहे. पण आहे."

गोल आकाशाच्या कडेचा लाल ठिपका हळूहळू दाराकडे सरकला.

"बरं," सर म्हणाले. "मग वळव आता तुझी. गेले ढग."

"हो, सर," बाई म्हणाल्या. "इकडेही आता स्वच्छ दिसतंय."